डोंगर झिजवणाऱ्या मॅडम

मॅडम बटणावर बोट ठेवायच्या, पण दाबायच्या नाहीत. बोट तसंच अधांतरी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोर जो असेल त्याच्याकडे बघत म्हणायच्या, "आधी चुका. मग बघा."

समोर कॉलेजची पोरं असोत, मी असो नाहीतर दूधवाला. त्यांच्या लॅपटॉपवर एक डोंगर असायचा. बटण दाबलं की त्याच्यावर लाख वर्षं पाऊस पडायचा, अर्ध्या मिनिटात. पण त्याआधी समोरच्याने कागदावर पेन्सिलने काढायचं, की लाख वर्षांनी हा डोंगर कसा दिसेल. खाली सही करायची. सही झाल्याशिवाय बोट हलायचं नाही. दूधवाल्याने एकदा सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून मॅडमचं वरचं दूध खाली माझ्याकडेच ठेवून पळायला लागला.

तुमच्या गल्लीतही असं एखादं माणूस असेल. आपण त्याला आधी येडं म्हणतो. मीही म्हटलं होतं, खोटं कशाला बोलू.

माझी इंदूरला मल्हारगंजात पिठाची चक्की होती. चाळीस वर्षं चालवली. शिक्षण सातवी, तेही ढकलत. गुडघे गेले तेव्हा चक्की दुसऱ्याला दिली आणि शहराबाहेर राऊला घर बांधलं, खाली दोन खोल्या, वर एक. वरची भाड्याने द्यायची म्हणून पाटी लावली, तर मॅडम आल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, एकटी, पाठीवर पोरांसारखी बॅग. कोकणातल्या, घाटाच्या अगदी पायथ्याच्या गावच्या. इथल्या एका कॉलेजात जिऑलॉजी शिकवायला आल्या होत्या. दर वर्षी कराराचा नवा कागद व्हायचा, असली नोकरी.

भाडं किती, पाणी किती वेळ येतं, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "काका, एक तांब्या पाणी मिळेल का?" मला वाटलं तहान लागली. तर बाईंनी तो तांब्या नेऊन गच्चीवर ओतला आणि उकिडव्या बसून बघत राहिल्या, पाणी कुठे जातं ते. मग म्हणाल्या, "उतार चुकलाय. दोन वर्षांत या भिंतीला ओल येईल. खोली छान आहे, मी घेते."

मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "अरे दादा, मैडम लोग हैं, कुछ भी बोलते हैं." दोन वर्षांनी भिंतीला ओल आली. बरोब्बर तिथेच.

माझ्या बायकोचं आणि त्यांचं जमलं. माझ्याशी जमायला वेळ लागला. मॅडमना सवय होती, उद्याचा धडा आदल्या संध्याकाळी कोणाला तरी शिकवून बघायचा. म्हणायच्या, "काकूंना कळलं तर पोरांना कळणारच." बायको भाजी निवडत बसायची आणि मॅडम ओट्यावर लॅपटॉप ठेवून हिमालय दाखवायच्या.

एकदा बायकोने विचारलं, "हा अजून वाढतो म्हणतेस?"

"हो काकू. नखं वाढतात ना, त्याहीपेक्षा हळू."

"आणि झिजतो किती?"

"कुठे कुठे जवळजवळ तेवढाच."

बायकोने मेथीची काडी मोडली. "मग फायदा काय?"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला. त्या दिवसापासून वर्गात त्यांचा पहिला प्रश्न तोच झाला म्हणे. डोंगर जेवढा वर येतो तेवढाच झिजत असेल तर फायदा काय? आणि कोणा पोराने विचारलं की मॅडम ये क्वेश्चन किस बुक में है, तर सांगायच्या, "राऊ की एक काकी हैं, उनका है."

ही बायको माझी एका भाद्रपदात गेली. सकाळी पोहे केले, माझ्या बशीत शेव घातली, "जरा पडते" म्हणाली आणि उठली नाही. आजार नाही, दवाखाना नाही. लोक म्हणाले, पुण्यवान होती. मला तेव्हा पुण्य नको होतं, मला चहा करायला येत नव्हता.

आता जे सांगतो ते मी वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं.

तिने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, काशी. तिची बहीण जाऊन आली होती, तेव्हापासून. मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे, लगीनसराई होऊ दे, चक्कीला नवा पट्टा बसवू दे. मग गुडघे गेले. काशी राहिली. ती गेल्यावर मी म्हटलं, काशी नाही तर नाही, निदान नर्मदा. आपल्या इकडची माणसं नर्मदेलाच नेतात. मुलगी पुण्याहून आली होती, पण तिचं पोर तापाने फणफणलं. मी म्हटलं, तू थांब, मी एकटा जाऊन येतो खलघाटला. अस्थींची पिशवी घेतली आणि बसमध्ये बसलो.

महू गेलं. मानपूरच्या अलीकडे बस थांबली. पुढे घाटात दरड आली म्हणे. ट्रकमागे ट्रक. एक तास झाला, दोन झाले, तीन झाले. गुरुजींनी सांगितलं होतं, सूर्य मावळायच्या आत. मी खाली उतरलो. रस्त्याला छोटा पूल होता, खाली नाला, पावसाचं पाणी जोरात वाहत होतं. मी म्हटलं, नर्मदा इथून खालीच आहे, पाणी खालीच जातं, हे पाणी नर्मदेलाच जाणार. उतरलो, हात जोडले आणि सोडून दिल्या.

खरं सांगू का? जाम सुटलाही असता. पण ती पिशवी मांडीवर होती आणि मला ती आणखी एक तासही मांडीवर धरवत नव्हती. चक्कीवर क्विंटलची पोती उचलली मी. एवढं हलकं वजन कधी उचललं नव्हतं.

मुलीला फोन केला. म्हटलं, "झालं. खलघाटला नीट झालं." ती रडली आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, आईला नर्मदा मिळाली."

महिन्याभराने शेजारच्या रिटायर कंडक्टरबरोबर बसलो होतो. त्याने त्या रस्त्यावर तीस वर्षं बस फिरवली. मी सहज म्हणून तो नाला विचारला. तो सुपारी कातरत म्हणाला, "वो? वो तो चंबल का पानी है भिया. उधर से ही तो निकलती है चंबल. नर्मदाजी तो घाट के नीचे." आणि वर म्हणाला, "शापित नदी है, दादा. चंबल में कोई फूल भी नहीं डालता."

तो सुपारी कातरत राहिला. काशी दिली नाही, नर्मदाही दिली नाही. शापित नदीत टाकली, तेही कंटाळून. आणि मुलीला खोटं सांगितलं. बस, तेव्हापासून माझा घास उतरेना.

मॅडमनी मला सांत्वनाचा एक शब्द दिला नाही. बाकी सगळ्यांनी दिला, ढिगाने दिला. बायको गेली त्याच्या चौदाव्या दिवशीच मॅडम जिना उतरून आल्या, ओट्यावर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाल्या, "काका, उद्या क्लास आहे. कळतंय का बघता?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय? मी चक्कीवाला."

"म्हणून तर."

बसलो मग. बायको बसायची त्याच पाटावर. भाजी निवडायला नव्हती, म्हणून हात नुसते मांडीवर ठेवले.

त्या लॅपटॉपात डोंगर म्हणजे खरं तर चौकटी चौकटींचा कागद. प्रत्येक चौकटीला तिची उंची. पाऊस पडला की पाणी शेजारच्या सगळ्यात खालच्या चौकटीत जातं, जाताना थोडी माती घेऊन जातं. बस, एवढंच. हेच लाखो वेळा. आणि खाली दोन सरकत्या पट्ट्या. एक सरकवली की जमीन खालून उचलली जाते, दुसरी सरकवली की पाणी जास्त कातरतं. पुस्तकात त्याला मोठे मोठे शब्द आहेत. मॅडम म्हणायच्या उचलणं आणि झिजणं.

मी म्हटलं, "हे तर चक्कीचंच आहे. दगड झिजतो, मग आपण टाकी लावतो, म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडतो. दळून दगड संपतो, टाकी लावूनही संपतो. मल्हारगंजने माझा किती दगड खाल्लाय कोणाला माहीत."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्याकडे तो दगड आहे अजून?"

होता. मागच्या अंगणात जुनी एक तळी, चक्कीचा खालचा दगड, पडली होती, झिजून अर्धी राहिलेली. दुसऱ्या दिवशी ती तळी आणि मी, दोघं ऑटोत बसून कॉलेजात गेलो. दोन पोरांनी उचलून आत नेली. मला मागच्या बाकावर बसवलं.

वर्ग म्हणजे चाळीस कॉम्प्युटर आणि चाळीस गोंधळ. एक म्हणतो, "मैडम, दबा दो ना बटन, टाइम खोटी हो रहा है." मॅडमचं बोट अधांतरी. "पहले गलती करो. फिर देखो." सगळ्यांनी मान खाली घालून पेन्सिलने डोंगर काढले. मग बटण. पुढच्या बाकावरच्या एका पोराने उचलायची पट्टी शून्यावर ठेवली होती. त्याचा डोंगर बसत गेला, बसत गेला, चपाती झाला. तो ओरडला, "मैडम, अपना तो इंदौर बन गया!" सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बहुत बढ़िया. अब बताओ, कौन सा मज़दूर छुट्टी पे था?"

पोरगं म्हणालं, "नीचे वाला."

"बैठो. आज का क्लास तुमने पढ़ा दिया."

मग माझी तळी सगळ्यांना दाखवली. हात लावून बघा म्हणाल्या. एका पोरीने विचारलं, "अंकल, तो ये पत्थर गया कहाँ?" मी म्हटलं, "बेटा, तुम्हारे दादाजी के पेट में." त्या पोरीचे आजोबा खरंच मल्हारगंजचे निघाले.

घरी येताना ऑटोत मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही चांगले शिकवता." मॅडम खोटं बोलून कोणाला बरं वाटवायच्या नाहीत, हे मला तोवर माहीत होतं. एका पोराने रडत विचारलं होतं, मैडम मैं पास हो जाऊँगा ना? तर त्याच्या तोंडावर सांगितलं, "नहीं. अगली बार." मग तीन महिने त्याला रोज संध्याकाळी शिकवलं, ते वेगळं. म्हणूनच कंडक्टरचं ऐकल्यावर मला वाटलं, विचारायचं तर हिलाच.

धीर यायला जवळजवळ वर्ष गेलं.

एका रविवारी सकाळी वर गेलो. म्हटलं, "मॅडम, तुमच्या त्यात आपला इकडचा भाग आहे का? खराखुरा?"

"आहे की. उपग्रहाने मोजलेल्या उंच्या आहेत. काय बघायचंय?"

"मानपूरच्या अलीकडे एक पूल आहे. त्याच्या खालचं पाणी कुठे जातं?"

का विचारता म्हणाल्या नाहीत. नकाशा काढला, पूल शोधला. त्यावर एक निळा ठिपका ठेवला. आणि बोट बटणावर. मला माहीतच होतं काय येणार ते.

"आधी तुम्ही सांगा."

"मॅडम, आज नको."

"काका, सगळ्यांना एकच नियम."

मी पेन्सिल घेतली. पुलापासून नर्मदेपर्यंत रेघ ओढली. एवढी दाबून ओढली की टोक मोडलं. खाली सही केली, जशी बँकेत करतो तशी, पूर्ण नाव.

मॅडमनी बटण दाबलं. ठिपका हलला. मी बघत होतो दक्षिणेकडे, तो गेला उत्तरेकडे. घाटाकडे पाठ करून, वळणं घेत, घेत, चालला.

"चंबळ," मॅडम म्हणाल्या.

कंडक्टर खरा ठरला. मी म्हटलं, "नर्मदेला नाही जात? नक्की?"

"आज नाही जात. पण थांबा, गंमत दाखवते." त्यांना माझ्या पोटातलं काय माहीत! त्यांनी पट्ट्या लावल्या आणि वर्षं सोडली. "हे बघा, घाटाकडची बाजू उभी आहे. उभ्या उतारावर पाणी जोरात कातरतं. म्हणून नर्मदेकडचे नाले डोंगराला मागे मागे खात इकडे सरकतायत. दरडी पडतात ना, ते हेच. आणि चंबळेकडची बाजू आळशी, ती काही करत नाही." स्क्रीनवर घाटाची कड खरंच मागे सरकत होती, उंदराने पोळी कुरतडावी तशी. सरकता सरकता तिने माझा नाला गाठला, तोडला, आणि त्याचं पाणी वळून नर्मदेकडे पडायला लागलं.

"झालं! आता गेलं नर्मदेला," मॅडम म्हणाल्या. खाली वर्षं वाचली. "म्हणजे तुम्ही थोडे लवकर विचारलंत, काका. पाच-सात लाख वर्षं थांबला असतात तर तुमचंच उत्तर बरोबर होतं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तेवढा मोठा जाम नव्हता, मॅडम."

त्या हसल्या. मीही हसलो. हसता हसता माझा आवाज भलतीकडे गेला, ते त्यांच्या लक्षात आलं. पण त्या विचारणाऱ्यातल्या नव्हत्या. नकाशा परत आजच्यावर आणला, लहान केला, मोठा मुलूख दिसायला लागला. म्हणाल्या, "बरं, निघालोच आहोत तर शेवटपर्यंत जाऊ. बघा. इथून राजस्थान. इथे मोठी धरणं. मग परत आपली हद्द, बीहड, नुसत्या मातीच्या घळी. मग ही यमुना." स्टेशनं वाचावीत तशा त्या वाचत होत्या, सरळ, एका सुरात. "मग प्रयाग. मग मिर्झापूर. मग काशी. मग पाटणा, मग…"

"थांबा. मागे जा."

"कुठे, पाटण्याला?"

"त्याच्या मागे."

त्यांनी ठिपका मागे आणला. "काशी?"

मी बोट तेवढं दाखवलं. मी चक्कीवाला माणूस, काशी नकाशात कुठे असते हे मला माहीत नव्हतं. आणि मानपूरच्या नाल्याचं पाणी तिथे जातं, हे तर मी देवाला विचारलं असतं तरी कळलं नसतं.

मग सगळं सांगितलं. पिशवी, जाम, पूल, फोनवरचं खोटं. मॅडम खाली मान घालून ऐकत होत्या. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, बघा काका, देवाची करणी, काकू काशीला पोहोचल्या. मॅडम म्हणाल्या, "वाटेत धरणं आहेत, काका. पाणी पुढे जातं. राख पाण्याबरोबर गेली असेल, पावसाळ्यात दारं उघडतात. पण जड असतं ते गाळात बसतं. ते कधी निघेल मला सांगता येणार नाही. धरण किती टिकतं त्यावर आहे."

"म्हणजे थोडी पोहोचली, थोडी वाटेत."

"हो. एवढंच मी सांगू शकते."

तुम्हाला सांगतो, ते धरणाचं सांगितलं ना, म्हणून माझा विश्वास बसला. नुसतं गोड सांगितलं असतं तर जिना उतरेपर्यंत मला शंका आली असती. त्या दिवशी खाली आलो, स्वतः भात लावला आणि कच्चा राहिला तरी सगळा खाल्ला.

मुलीला सांगायचं होतं. मॅडमना विचारलं, सांगू का? म्हणाल्या, "ते माझ्या विषयात येत नाही." सांगितलं मग. मुलगी आधी भडकली. "बाबा, तुम्ही मला वर्षभर खोटं सांगितलंत? वर्षभर?" फोन ठेवला. दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच केला आणि एकदम विचारलं, "मग आई आता कुठे असेल?"

मी फोन घेऊन वर गेलो, मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी कानाला लावला आणि आधी काय म्हणाल्या असतील? "तू सांग. तुला काय वाटतं?" दोघी अर्धा तास बोलल्या. मी जिन्यात बसलो होतो. मुलीचा आवाज ऐकू येत नव्हता, पण मॅडम मध्येच म्हणाल्या, "नाही गं, चुकलीस. पुन्हा सांग," आणि मग हसल्या. मला कळलं, माझ्या पोरीने मला माफ केलंय.

त्या थंडीत मॅडमनी वर्गाला त्या पुलावर नेलं. मलाही नेलं. पाण्याची वाट दोन बाजूंना फुटते ती कड त्यांनी दाखवली. दिसायला काही नाही, साधं माळरान. एक बाजू खंबातच्या आखाताकडे, एक बाजू पार बंगालच्या उपसागराकडे. पोरांनी एकेक पाय दोन्हीकडे ठेवून फोटो काढले. एक पोरगं झाडामागे जाऊन आलं आणि म्हणालं, "मैडम, मेरा वाला किधर जाएगा?" पोरी लाजल्या, मी हसलो. मॅडमचा चेहरा हलला नाही. "पहले तू बता." पोराने उतार बघितला, बोट केलं. मॅडमनीही बघितलं. "सही है. जाओ, हाथ धो लो."

मी पुलाखाली जाऊन उभा राहिलो. पाणी थोडंच होतं. भीती वाटली नाही. कोणीतरी विचारलं, अंकल कौन हैं? मॅडम म्हणाल्या, "सीनियर स्टूडेंट."

उन्हाळ्यात मॅडमना एक पत्र आलं. तिकडे वर, उत्तराखंडात, एका कॉलेजात पक्की नोकरी. दर वर्षीच्या कागदातून सुटल्या. मला आनंद झाला, खरंच झाला. मागच्या अंगणात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो, तेही खरं.

सामान म्हणजे दोन पेट्या आणि तीच बॅग. निघताना मी म्हटलं, "मॅडम, एक विचारू? तेव्हा मला बरं वाटावं म्हणून तर नव्हतं ना?"

"काय?"

"काशी."

मॅडम थांबल्या. जरा रागावल्याच. "काका, नर्मदा निघाली असती तर नर्मदाच सांगितली असती. पाणी समुद्रात न जाता वाळवंटात सुकलं असतं तर तेही सांगितलं असतं." मग जिन्याखाली वाकून चक्क माझ्या पाया पडल्या. ऑटोत बसल्या आणि गेल्या.

मुलीने तिकिटं काढली. सत्तरी पार केल्यावर मी काशीला गेलो. सकाळी घाटाच्या पायरीवर बसलो. मुलीने मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला. मागे पोरांचा गलका होता, नवी पोरं, वेगळी हिंदी.

"काका, क्लास चालू आहे. कुठे आहात?"

"काशीला. पायरीवर."

त्या म्हणाल्या, "नदीकडे तोंड आहे? पाणी कोणत्या हाताकडून येतंय?"

मी बघितलं. नीट बघितलं, घाई केली नाही. "उजव्या."

"बरोबर," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सगळी माणसं द्रोणात फुलं सोडत होती आणि फुलं जातात तिकडे, डावीकडे बघत होती. मुलीनेही सोडली. मी उजवीकडे वळून बसलो. जे पुढे गेलं असेल ते गेलं. जे अजून यायचं आहे, त्याच्या आधी मी पोहोचलो होतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, निघायचं?"

मी म्हटलं, "बस गं थोडी. घाई काय आहे."